पास झालेला आटा

आनंदा मगदूम कामावरून घरी आला की आधी पाय धुवायचा, मग चहा घ्यायचा आणि मग चष्म्यासमोर भिंग धरून पाकिटं वाचायला बसायचा. लोक पेपर वाचतात, टीव्हीसमोर पाय पसरतात. याला तेवढी चैन कुठली. दिवसभर कंपनीच्या स्टोअरमध्ये गोण्यांवरची लेबलं वाचायची आणि घरी येऊन खाकऱ्यांच्या पुड्यांवरची. जन्म लेबलं वाचण्यातच घालवायचा होता तर देवानं डोळे तरी चार द्यायचे, असं तो म्हणायचा. म्हणायचा आणि जीभ चावायचा, कारण आत रत्नाबाई असायची आणि तिच्याकडं तर दोनसुद्धा धड नव्हते.

मोतीबिंदू. उजवा पिकलेला, डावा पिकायला लागलेला. पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आठच्या खाली आला पाहिजे, मगच हात लावणार. पहिल्यांदा तो अकरा आला, दुसऱ्यांदा नऊ पूर्णांक आठ. "जखम चिघळली तर डोळा जाईल काकू, मी ती जोखीम घेणार नाही," बाई म्हणाल्या. आणि वर हेही म्हणाल्या, की फार उशीर करू नका, जास्त पिकला की काढायला अवघड जातो. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. आनंदानं मान डोलावली. मान डोलावायची त्याला सवय होती.

माणूस मूळचा कागल तालुक्यातला. एक्याण्णव साली मेहुण्याच्या ओळखीनं तारापूरच्या एमआयडीसीत आला, एका औषधाच्या कंपनीत लागला आणि जवळच्या सरावलीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिला तो राहिलाच. गावाकडं परत जायचं दरवर्षी ठरायचं. आता तो एकोणसाठ वर्षांचा होता, रिटायर होऊन पुन्हा कंत्राटावर घेतलेला, आणि गुडघे जिना चढताना रोज त्याचा हिशोब विचारायचे.

त्याचं काम असं. कच्चा माल गोण्यांतून आला की प्रत्येक गोणीला पिवळा कागद चिकटवायचा. पिवळा म्हणजे तपासणी बाकी, कुणी हात लावायचा नाही. मग लांब पोकळ सळई गोणीत खुपसून पोटातलं पीठ काढायचं, वरवरचं नाही, आणि लॅबमध्ये द्यायचं. पास झाला की हिरवा कागद, नापास झाला की लाल. हमालाला वाचता येत नसलं तरी अडत नाही, रंग कळला की झालं. तीस वर्षांत आनंदाच्या हातून एकही गोणी चुकीच्या रंगानं पुढं गेली नव्हती, आणि या एका गोष्टीचा त्याला गर्व होता. दुसरं गर्व करावं असं त्याच्याकडं फारसं नव्हतं.

मुलगी वैभवी पुण्यात नोकरीला. आईचे डोळे अडले म्हणताना तिनं मोबाइलवर काय काय वाचलं आणि दर महिन्याला खोकं पाठवायला लागली. लो-कार्ब आटा, लो-कार्ब खाकरा, लो-कार्ब बिस्किटं, लाडू, शेव. पोरीची माया मोठी, पण माया पाकीट उलटं करून बघत नाही. ते काम बापाकडं आलं.

"पुढून बघायचंच नाही," आनंदा रत्नाबाईला सांगायचा. "पुढून सगळीच नवरी असत्यात. पाठीमागं बघायचं."

पाठीमागं घटक लिहिलेले असतात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. जास्त वजनाचा घटक आधी, कमी वजनाचा नंतर, असा नियम. पहिलं नाव ज्याचं, माल त्याचा. पहिल्याच खोक्यातला आटा त्यानं उलटा केला तर पुढं लिहिलेलं 'लो-कार्ब' आणि मागं पहिलं नाव गव्हाचं पीठ. मग सोया, मग चिमूटभर जवस. म्हणजे गव्हालाच टोपी घातलेली. बिस्किटांवर 'साखर घातलेली नाही' असं भलंमोठं, आणि मागं खजुराचं सिरप, फ्रुक्टोज, फळांचा अर्क आणि माल्टोडेक्स्ट्रिन. साखर एका नावानं लिहिली तर यादीत पहिली येईल, म्हणून तिचे चार तुकडे करून खाली खाली बसवलेले. एकाच घरातली चार भावंडं चार आडनावांनी रेशनकार्डात घालावीत, तसली ही हुशारी.

माल्टोडेक्स्ट्रिनला तर तो घरच्या माणसासारखा ओळखायचा. कंपनीत त्याच्या गोण्या यायच्या. पांढरं, हलकं, हाताला चिकट. जिभेवर ठेवलं तर धड गोडसुद्धा लागत नाही, म्हणून लोक फसतात. पण गोदामातले उंदीर बाकी सगळं सोडून आधी त्याच गोण्या कुरतडायचे. "जिभेला कळत न्हाई, रक्ताला कळतंय," आनंदा म्हणायचा.

मग ते वाढप, म्हणजे एका वेळी खायचं माप. एका वाढपात साखर जेमतेम एक ग्रॅम, असं मोठ्या दिमाखात लिहिलेलं. वाढप किती, तर पंधरा ग्रॅम. पंधरा ग्रॅम म्हणजे एक खाकरासुद्धा पुरा नाही. एका खाकऱ्यावर कोण उठतं पानावरून.

वैभवीला तो फोनवर सगळं वाचून दाखवायचा. ती वैतागायची. "बाबा, त्याला साडेचार स्टार आहेत. दोन हजार लोकांनी दिलेत."

"त्या दोन हजारांची साखर कुणी तपासली काय?"

लाडवांच्या बाबतीत मात्र त्याला नीट कळेना. गोडी कशाची, तर माल्टिटॉल म्हणून एका पदार्थाची. साखर नव्हे, पण साखरेची चुलतबहीण. रक्तात थोडी जाते म्हणतात, थोडी जात नाही. आता लॅब कुठली घरात, म्हणून त्यानं स्वतःच नमुना घेतला. एकदम चार लाडू खाल्ले. दुसऱ्या दिवशी कंपनीत सात वेळा संडासला जाऊन आला, आणि संध्याकाळी घरी येऊन लाडवांच्या डब्याला नापास केलं. रत्नाबाई तोंडाला पदर लावून हसली. ती त्या वर्षात अशी दोन-तीनदाच हसली असेल.

नापास-पासाची खूण त्यानं कंपनीचीच काढली. मालक बदलले तेव्हा जुन्या नावाचे कागदाचे रोल भंगारात निघाले होते. साहेबांना विचारून तो दोन रोल घरी घेऊन आला, एक हिरवा आणि एक पिवळा. लाल संपलेला होता, त्या वर्षी माल बराच नापास झाला होता. रत्नाबाईला बारीक अक्षर दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी ती चौथी शिकलेली, इंग्रजी तिला कुठलं. रंगाचं काम बरं. "हिरवा तुझा, पिवळा माझा," त्यानं एकदा सांगितलं आणि तेवढ्यानं भागलं. कारण नापास झालेलं टाकून कोण देणार. नापास झालेला आटा, खाकरा, बिस्किटं, सगळं आनंदाच्या डब्यात. एकाच मापाचे दोन स्टीलचे डबे होते, लग्नात आलेले. एकात तिचा आटा, एकात त्याचा. पोटावर कागद चिकटवलेला. आटा दर महिन्याला निराळ्या कंपनीचा यायचा, कारण मागच्या महिन्याचा बापानं नापास केलेला असायचा किंवा पोरीला नवा सापडलेला असायचा. एखादा रबरासारखा ताणायचा, एखादा वाळूसारखा सुटायचा. रत्नाबाई मुकाट्यानं मळायची.

जूनच्या सुरुवातीला रिपोर्ट आला, आठ पूर्णांक चार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाब्बास. थोडंच राहिलंय. ऑगस्टअखेर परत करा, आठच्या खाली दिसलं की लगेच तारीख देते." त्या दिवशी आनंदानं बोईसर स्टेशनाबाहेर तिला शहाळं पाजलं नाही, लिंबूपाणी पाजलं, बिनसाखरेचं. पण पाजलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवं खोकं आलं. त्यात दोन आटे, पावसाळाभर पुरतील एवढे. एकात पहिलं नाव बदाम, मग गव्हातला चिकट भाग, मग जवस. पास. दुसरा पुढून त्याहून देखणा आणि मागून निव्वळ गहू. नापास. दोन्ही पिठं आनंदानं स्वतः दोन डब्यांत ओतली, स्वतः कागद चिकटवले, अंगठ्यानं दाबून बसवले. मग कामाचा घाणा सुरू झाला. कंपनीत ऑडिट, दोन माणसं सुट्टीवर, हा कधी बारा तास, कधी त्याहून जास्त. घरी यायचा तेव्हा हाडं नुसती ठणकत असायची. त्यातही रत्नाबाई हल्ली पोटभर जेवते, चपाती मागून घेते, हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्याला बरं वाटलं होतं.

त्याचा स्वतःचा डबा मात्र बिघडला. चपाती तपकिरी, जाड, दातांनी तुटता तुटत नाही. स्टोअरमधला दामू शेजारी जेवायला बसायचा. त्यानं एक तुकडा ओढून बघितला आणि म्हणाला, "मगदूम, चपाती हाय का मशीनचा पट्टा?" आनंदा हसला आणि चावत राहिला. तिच्या मनगटात दम राहिला नसेल, त्याला वाटलं. दिसत नसताना पहाटे उठून करते, हेच खूप. अशा बाईला काय बोलायचं. तो महिना, दोन महिने ती चपाती चावत राहिला आणि घरी एक शब्द बोलला नाही. आपण समंजसपणा केला, असंच त्याला वाटत होतं.

ऑगस्टअखेर रिपोर्ट आला, नऊ पूर्णांक पाच.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, रत्नाबाईच्या डोळ्यात बॅटरी मारून बघितलं आणि कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "काका, डोळा आता थांबायच्या बेतात नाही. नोव्हेंबरपर्यंत बघू. तेव्हाही साखर अशीच असली तर मी मुंबईला चिठ्ठी देईन, पुढचं ते ठरवतील." परतीच्या एसटीत दोघं शेजारी शेजारी बसले. उमरोळीच्या थांब्याला आनंदा म्हणाला, "आट्यात काय तरी हाय."

पुढचे आठ दिवस त्यानं सगळी पाकिटं पुन्हा काढली. रिकामी पाकिटंसुद्धा तो ठेवायचा, कंपनीत नमुने ठेवतात तशी, खाटेखालच्या खोक्यात. तारखा बघितल्या, घटक बघितले, बेरजा केल्या. पास केलेल्या बदामाच्या आट्यात नाव ठेवायला जागा सापडेना. मग पाकिटावर खोटं छापलंय म्हणावं, तर सहा निरनिराळ्या वस्तूंवर सहाजण कसे खोटं छापतील. कंपनीत असं झालं की साहेब एकच प्रश्न विचारायचे, माल बरोबर, तर मग माणूस कोण होता मशीनवर?

आणि इथं या शहाण्यानं माती खाल्ली. समोर बसलेल्या बायकोलाच त्यानं विचारलं.

"रत्ना, खरं सांग. चोरून काय खाल्लंस?"

ती भाजी निवडत होती. बोटांनी चाचपून, देठ मोडत. "काही नाही."

"मग नऊ कशानं झाली? मी इथं डोळे फोडून घेतोय कुणासाठी? तिकडं बारा तास उभा राहतोय, इकडं येऊन ह्ये वाचतोय. तुला जिभेवर ताबा ठेवता येत न्हाई, तर कशाला वाचू मी?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "असेल खाल्लं. खालच्या हिनानं लाडू दिले होते. खाल्ले."

"किती?"

"आठवत नाही. रोज एखादा."

 ओरडला असता तर बरं झालं असतं, मन मोकळं झालं असतं. त्यानं अबोला धरला. सकाळी डबा उचलायचा, संध्याकाळी येऊन जेवायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. नवं खोकं आलं ते त्यानं फोडलंसुद्धा नाही. आपण दमलोय, हे त्याला त्या दिवसांत पहिल्यांदा नीट कळलं. पायांनी नव्हे, पाय तर कधीचेच दमलेले होते. हे निराळंच काहीतरी होतं.

गणपती उठले आणि जिवली परत आली. जिवली म्हणजे त्यांच्याकडं भांडी-लादी करणारी बाई. मनोरकडच्या एका पाड्यावरची. उन्हाळाभर ती सरावलीत झोपडं करून राहायची, चार घरची कामं करायची, आणि जून सरता सरता भातलावणीला पाड्यावर जायची. या वर्षी लावणीनंतर सासू आजारी पडली, म्हणून लवकर परत येता आलं नाही. आली ती येताना काकीसाठी रानातली करटोली घेऊन आली.

आनंदाची सुट्टी होती. तो बाहेरच्या खोलीत खाटेवर पडला होता, डोळ्यांवर हात घेऊन. आत भांड्यांचा आवाज थांबला आणि रत्नाबाईचा हळू आवाज आला.

"जिवले, हा डबा बघ गं. ह्याच्यावरचा कागद कुठला?"

"यो पिवला हाय, काकी."

"पिवळा? नीट बघ."

"पिवलाच हाय. हलदीसारका. यो दुसरा हिरवा हाय. तुमी कनचा वापरता?"

आत डब्याचं झाकण उघडून पुन्हा बसल्याचा आवाज आला. मग रत्नाबाई म्हणाली, "हा डावीकडचा. जुलैपासनं."

आनंदा उठून बसला. डावीकडचा डबा पिवळा होता. त्याच्या तोंडात एकदम ती चपाती आली, तपकिरी, जाड, न तुटणारी. बदाम आणि गव्हातला चिकट भाग. दोन महिन्यांहून जास्त तो तिचा पास झालेला आटा खात होता आणि ती त्याचा नापास. तीस वर्षं पोकळ सळईनं गोण्यांच्या पोटातला माल काढणारा हा माणूस, आणि रोज दुपारी नमुना त्याच्या स्वतःच्या दातांत होता. दामूला कळलं होतं. याला नाही.

तो स्वयंपाकघरात गेला. जिवली हात पुसत म्हणाली, "काका, काकीला रंग नाय समजत. तुमाला नाय ठावं? मी हाय तवर मीच सांगतंय. नवा माल आला का मला इचारते."

"कधीपासनं?"

"होळीच्या अगोदरपासनं."

रत्नाबाई ओट्याला टेकून उभी होती. आनंदानं कपाटातून दोन्ही रोल काढले, एक एक कागद फाडला आणि दोन हातांत दोन धरून तिच्यासमोर केले. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

"ह्यो कुठला?"

तिनं कागदाकडं बघितलं नाही. जिथून आवाज आला तिकडं, त्याच्या तोंडाकडं बघितलं. "तुम्ही सांगाल तो," ती म्हणाली.

जिवलीनं बादली उचलली आणि ती बाहेरच्या खोलीत लादी पुसायला गेली. तिला जेवढं कळलं तेवढं शिकलेल्यांना कळत नाही.

"दोन्ही मातीसारखेच दिसतात," रत्नाबाई म्हणाली. "आधी उन्हात नेलं की थोडं कळायचं. मग तेही जाईना. जिवली होती म्हणून निभावलं. जुलैत ती गेली आणि तुम्ही डबे भरून ठेवलेत. शेजारच्या दीपिकाला विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत जिनाभर झालं असतं, मगदुमांची आंधळी झाली म्हणून."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्हाला?" ती जराशी हसली. "तुम्ही घरात यायचा तेव्हा तुमची चप्पल कशी वाजते ते मला ऐकू येतं. त्याच्यावर आणि हे कुठं सांगू. आणि सांगितलं असतं तर काय केलं असतं? गॅसजवळ जाऊ दिलं नसतं. पोरीकडं पुण्याला नेऊन बसवलं असतं. मग तुमचा डबा कोण करणार होतं? तुम्ही वडापाव खाऊन राहिला असता."

आनंदानं खरंच तेच केलं असतं.

"चाखून बघितलं," ती पुढं म्हणाली. "डावीकडचा मऊ होता. चपाती छान फुगायची, हाताला कळायचं. मला वाटलं, ह्या खेपेला पोरीनं चांगला आटा शोधलाय. तुम्ही पास केलाय. म्हणून पोटभर खाल्ली. बरं वाटायचं जेवताना."

"आणि हिनाचे लाडू?"

"कुठले लाडू. हिना दोन महिने माहेरी आहे, तुम्हाला ठाऊक नाही होय. तुम्ही सारखं विचारत होता, काहीतरी सांगायला पाहिजे होतं. चोर म्हणालात ते चाललं. आंधळी म्हणून घरात बसवलं असतं, ते नसतं चाललं."

आनंदा खालीच बसला, पिठाच्या डब्यांशेजारी, लादीवर. त्याला रडू आलं नाही, तेवढी ताकद नव्हती. "चोरून खाल्लंस असं उगाच बोललो गं," तो म्हणाला. "चुकलं माझं. लई चुकलं."

"बोललात ते बोललात," ती म्हणाली. "चहा टाकू का?"

चहा पिऊन तो उठला आणि कंपनीतून आणलेली गोणी शिवायची सुतळी शोधून काढली. उजवीकडच्या डब्याला गळ्याशी तीन वेढे दिले आणि ठसठशीत गाठ मारली. पास झालेल्या खाकऱ्याच्या पुड्याला गाठ, बिस्किटाच्या डब्याला गाठ. मग तिचा हात धरून प्रत्येक गाठीवर ठेवला. हाताला सुतळी लागली तर तुझं, नाही लागली तर माझं. इतकं सोपं होतं. कागद चिकटवायच्या नादात त्याला ते कधी सुचलं नव्हतं. रंगाचे कागद डब्यांवर तसेच राहिले, काढायला कुणाला वेळ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डबा उघडला. चपाती मऊ होती, पांढुरकी, नुसत्या गव्हाची. दामू म्हणाला, "आज पट्टा बदलला वाटतं." आनंदानं अर्धी चपाती मोडून त्याच्यापुढं ठेवली. त्या दिवसापासून रोज जेवायला बसताना तो आधी चपातीचा कोपरा मोडून बघायचा. सहज तुटला की समाधानानं जेवायचा. घरी तिकडं ती पट्टा चावत असणार, हे त्याला कळायचं. कधी कधी संध्याकाळी तो तिच्या ताटातली अर्धी चपाती काढून घ्यायचा आणि तिच्याबरोबर चावत बसायचा.

नोव्हेंबरात रिपोर्ट आला, सात पूर्णांक आठ. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. आधी उजवा डोळा, मग दोन महिन्यांनी डावा. डोळा जास्त पिकलाय, वेळ लागेल, पण होईल, म्हणाल्या. वैभवी रजा काढून येणार होती.

बुधवारी आनंदानं सुट्टी घेतली. दुपारी रत्नाबाई दवाखान्याची पिशवी भरत होती, लुगडं चाचपून घडी घालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "एक काम करा. ते कागद काढून टाका."

"कुठले?"

"डब्यांवरचे. हिरवे नि पिवळे. परवा पट्टी सुटल्यावर घरी येईन, डोळ्यानं दिसायला लागेल. पहिलं तेच बघायला नको मला."

 आनंदानं सगळे डबे ओट्यावरून खाली घेतले आणि लादीवर बसला. कागद वरवर निघाले, पण गोंद कंपनीचा होता, पावसापाण्यात गोणीवरून हलू नये म्हणून केलेला. त्यावर खोबरेल तेल लावून, नखानं खरवडून, ओल्या फडक्यानं पुसत तो दुपारभर तिथंच बसून राहिला. सुतळीच्या गाठी तेवढ्या त्यानं राहू दिल्या. शेवटचा डबा झाल्यावर त्यानं चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि डब्याच्या पोटावरून अंगठा फिरवून बघितला, हाताला कुठं काही लागतंय का.